चप्पल घालूनच बटण दाबावे

आमच्या शेजारच्या घराच्या दारावर पितळेची पाटी आहे. तिच्यावर 'नागनाथ सुरवसे' हे नाव आणि त्याखाली 'आवृत्ती ३.२' असा मजकूर आहे. देवीच्या दर्शनाला तुळजापुरात आलेली मंडळी लॉज शोधत आमच्या गल्लीत शिरतात, पाटी वाचतात आणि हे एखादं सरकारी खातं असावं अशा समजुतीनं मुकाट मागे फिरतात. खुलासा असा: नागूअण्णांनी घर विकत घेतलं ती पहिली आवृत्ती. एक खोली वाढवली ती दुसरी, पत्रे काढून स्लॅब टाकला ती तिसरी. त्यानंतर एकदा रंग दिला आणि एकदा न्हाणीघराचा पाइप बदलला. शेवटचा आकडा स्क्रूनं बसवलेला आहे, म्हणजे पुढचा पाइप फुटला की अख्खी पाटी नवी करायला नको.

अण्णा पन्नाशी ओलांडलेले, एकटे राहणारे. पूर्वी पुण्याच्या एका कंपनीत वॉशिंग मशीनच्या पोटातल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहायचे. आता घरातच तो उद्योग चालतो: शेतातल्या मोटरीचे मोबाईलवर चालणारे स्टार्टर, लॉजच्या टाक्यांचे भोंगे, शाळांच्या घंटा. या धंद्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे म्हणे. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळं लांबलचक नावांपुढं मी सहसा दबत नाही. पण अण्णांनी ते नाव माझ्यासमोर कधी काढलंच नाही. त्यांचे शब्द तीनच: साचा, बांधणी आणि गाठोडं.

साचा म्हणजे कॉम्प्युटरवरचं एक तयार फोल्डर. त्यात प्रोग्रॅम कुठं, चिपची माहिती कुठं, तपासणी कुठं, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. नवं काम आलं की अण्णा साच्याची नक्कल काढतात, नाव बदलतात आणि लागेल तेवढाच भाग नव्यानं लिहितात. मग एक आज्ञा दिली की बांधणी होते, म्हणजे सगळं जोडून चिपला समजेल अशी एकच फाइल तयार होते. शेवटी ती फाइल, तारांचा नकाशा आणि मराठी सूचनांचा कागद असं गाठोडं आपोआप बांधून मिळतं.

नव्या नकलेत एक अक्षर लिहिण्याआधी अण्णा रिकामीच बांधणी करून बघतात. पडद्यावर 'चूक नाही' असं उमटलं की चहा टाकतात.

"अण्णा, अजून काही केलंच नाही, तर चूक होईल कुठून?" मी एकदा विचारलं.

"तेच बघायचं असतंय ओ सर. काही न करता तर आपण चुकत न्हाय ना? लई जणांचं तिथंच चुकतंय."

यावर मी बरेच दिवस विचार केला. इतिहासातली काही राज्यं डोळ्यांसमोर आली.

हे वेड कॉम्प्युटरपुरतं राहतं तर कुणाची हरकत नव्हती. पण अण्णांची प्रवासाची पिशवीसुद्धा साच्यातूनच निघते: टॉवेल, टॉर्च, छत्री, स्वेटर, लिमलेटच्या गोळ्या. भर मे महिन्यात उमरग्याला निघाले तरी स्वेटर बरोबर. का, तर "साच्यात हाय." माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट बघून विचारलं, "ही कितवी आवृत्ती?"

"पहिली आणि शेवटची," माझी बायको म्हणाली, आणि पेढा न देताच उठली.

सगळ्यांत गंमत त्या सूचनांच्या कागदाची. आमच्या कोपऱ्यावरच्या लॉजवाल्यानं टाकी भरली की वाजणारा भोंगा करून घेतला. त्याला दाबायला बटणच नाही. तरी कागदावर छापलेलं: 'चप्पल घालूनच बटण दाबावे. हात ओले असल्यास आधी पदराला पुसावेत. गुडघा दुखत असल्यास घाई करू नये.' लॉजवाला झुपकेदार मिशांचा माणूस. कागद घेऊन तो माझ्याकडं आला.

"सर, चपलंचं जमतंय. पदर कुठनं आणू?"

मी अण्णांना विचारलं. "साच्यातनं आलं असंल," असं म्हणून त्यांनी पावसाचा विषय काढला.

गेल्या उन्हाळ्यात उमरग्याच्या बसप्पा शेटनी अण्णांना बोलावलं. हायवेला लागून त्यांचं मोटरपंपांचं मोठं दुकान आहे. अण्णांचा स्टार्टर दुकानातून विकायचा त्यांचा विचार होता. अण्णांच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट होती. तोवर गिऱ्हाईक एकेक करून यायचं, आणि एखाद्या महिन्यात फिरकायचंच नाही. आधाराला म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. स्वेटर होताच.

बसप्पांनी स्टार्टर दुकानातल्या एका मोटरीला जोडून बघितला. बटण दाबलं, मोटर घुमली, त्यांच्या मोबाईलवर 'मोटर चालू' असा मेसेज आला. त्याच क्षणी अण्णांच्या खिशातही टिंग वाजलं.

"ह्यो दुसरा कुणाला गेला ओ अण्णा?"

"मला."

"दावा की."

अण्णांनी फोन पुढं केला. बसप्पांनी मोठ्यानं वाचलं, "'उठले. चहा झाला.'" मग मोटरीकडं बघितलं. "ही चहा पिती व्हय?"

सगळं दुकान हसलं. अण्णाही हसले, जरा उशिरा.

"साच्यातनं आलंय ते."

"साचा-बिचा तुमचा तुमच्यापाशी. उद्या शेतकरी येऊन मला विचारंल, माझी मोटर कधी चालू झाली ते दुसऱ्याला का कळतंय? मी काय सांगू? एवढी ओळ काढा, अन् आठ दिवसांत माल आणा. न्हाय जमलं तर सांगा, मी दुसरीकडं बघतो."

बसप्पांचं म्हणणं रास्त होतं. अण्णाही लगेच "काढतो" म्हणाले. साच्यातली एक ओळ खोडायची, बांधणी करायची, गाठोडं बांधायचं. चहाला उकळी फुटायच्या आत होणारं काम.

आठवडा सरत आला तरी अण्णांकडं हालचाल दिसेना. एका सकाळी मी गेलो. पडद्यावर साचा उघडा होता आणि अण्णा त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

"काढली का ओळ?"

"बघतोय."

"एक ओळ बघायला आठवडा?"

अण्णा पडद्याकडं बघतच बोलू लागले.

"सर, पहिलं यंत्र आईसाठी केलं होतं. मी पुण्याला, ती ढोकीला एकटी. चल म्हणलं की म्हैस कोण बघंल म्हणायची. फोन करावा तर उचलायची न्हाय, हात शेणात. मंग परसातल्या बोअरला हे लावलं. सकाळी तिनं मोटरीचं बटण दाबलं की मला मेसेज. त्यात काय लिहू विचारलं, तर म्हणली, रोज काय सांगते मी तुला? उठले, चहा झाला. तेच लिही."

चप्पल, पदर आणि गुडघा कुणाचा, हे आता विचारायला नको होतं.

"ते यंत्र लई चांगलं जमलं. म्हणून त्याचाच साचा केला. पुढं आई गेली. म्हैस विकली, बोअर बंद केला. साच्यातली ओळ तेवढी काढायची राहिली."

"राहिली?"

"राहिली," अण्णा ठामपणे म्हणाले. नंतर आवाज उतरला. "तिच्यामागं पहिला स्टार्टर दिला तो ढोकीकडच्याच एकाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. उठले, चहा झाला. मी तसाच फोन धरून बसलो बघा. तवापासनं जेवढी गाठोडी गेली तेवढ्यांतनं येतंय. शेताला वीज रात्रीची आली की रात्रीची उठती. चहा तर दिवसभर चालू."

ते स्वतःच हसले. मी जन्माचा मास्तर; तोंडाशी आलेली दोन-तीन वाक्यं गिळली आणि एवढंच म्हणालो, "अण्णा, मोटरी लोकांच्या आहेत."

"व्हय ओ. कळतंय की. तिलाबी पटलं नसतं. दुसऱ्याच्या घरात डोकावू नको म्हणायची."

त्यांनी ओळ खोडली. बांधणी केली. पडद्यावर 'चूक नाही' असं उमटलं. त्या दिवशी त्यांनी चहा टाकला नाही.

बसप्पांना माल वेळेत पोचला आणि खपूही लागला. अण्णा स्वेटर घेऊन जुन्या गिऱ्हाइकांकडंही फिरले आणि प्रत्येकाच्या चिपमधली ती ओळ पुसून आले. धंदा आता बरा चालतो. पण पूर्वी सकाळी भिंतीपलीकडून एकामागून एक टिंग ऐकू यायचं, ते बंद झालं. अण्णा अंगणात येत, फोन खिशातून काढून बघत आणि परत खिशात ठेवत. पाटीवरचा आकडाही त्यांनी बदलला नाही, आणि पाइप तर पुन्हा फुटला होता.

पंधरा-वीस दिवस हे बघितल्यावर मी त्यांच्या दारात गेलो.

"अण्णा, आमच्या हौदाच्या मोटरीला एक स्टार्टर बसवा."

"बसवतो की. दुपारीच येतो."

"जुन्या साच्यातला."

त्यांनी चमकून बघितलं. जुनी आवृत्ती टाकून देणारा हा माणूस नव्हे, हे मला माहीत होतं.

"नव्यात सुधारणा लई हायेत, सर."

"मी इतिहासाचा माणूस. मला जुनंच द्या."

"मेसेज येईल बघा मला."

"येऊ द्या."

आता रोज सकाळी मी बटण दाबतो. पलीकडं टिंग वाजतं, आणि जरा वेळानं पातेलं गॅसवर ठेवल्याचा आवाज येतो. परवा हौदातलं पाणी आदल्या संध्याकाळीच वर चढवलेलं होतं. तरी मी निघालो, नुसतं चालू-बंद करून येऊ म्हणून.

"अहो, टाकी काठोकाठ भरलीय," बायको आतून ओरडली. "सकाळी सकाळी निघालात कुठं?"

"आलोच," म्हटलं, आणि दाराशी चप्पल शोधू लागलो.