प्लांटचं जेवण

"सर, तुम्ही स्वतः प्लांट-बेस्ड जेवण जेवता का?"

हा प्रश्न पायल शेजवळने भरल्या हॉलमध्ये, माइक हातात धरून विचारला. पैज तिच्या मैत्रिणीची, राजसीची होती. डेअरिंग असेल तर चीफ गेस्टलाच विचार, असं ती म्हणाली, आणि पायलचं डेअरिंग त्या आठवड्यात दुधासारखं उतू चाललं होतं. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिची खात्रीच पटली होती, की आपण माइक धरला की समोरचा माणूस सुधारतोच! शाळेत पोषण सप्ताह चालू होता. ज्वारी, नाचणी, कडधान्यं, मांस कमी केलं तर पृथ्वीचा ताप कसा उतरेल, यावर तिने असं काही भाषण ठोकलं, की पहिल्या रांगेतल्या पोरांनी चिप्सचे पुडे दप्तराच्या तळाशी दडवले.

चीफ गेस्ट म्हणजे मोरिवलीच्या रंगाच्या कारखान्याचे मोठे साहेब, जयदेव साहेब. प्रश्न ऐकून त्यांचं हसू तव्यावर पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखं उडून गेलं.

"नाव काय तुझं?"

"पायल हरिचंद्र शेजवळ."

"कँटीनवाल्या शेजवळांची?"

"हो सर," पायल ताठ मानेने म्हणाली.

"असं." साहेबांनी चष्मा पुसला. "उद्या जेवतो. सगळ्यांसोबत बसून जेवतो. सांग बाबांना."

टाळ्या पडल्या. राजसी पैज हरली. एका भाषणात एक अख्खा साहेब भाकरीवर आणला म्हणून पायल घरी आली ती जमिनीपासून वीतभर वरूनच.

घरात बाबा बूट न काढता खाटेवर बसले होते. आईने चहा दोनदा गरम करून दोनदा परत नेला होता. साहेबांचा फोन पायलच्या आधी घरी पोचला होता.

आता यात गोम अशी, की मोरिवलीत प्लांट म्हणजे एकच, हा रंगाचा कारखाना. प्लांटचा भोंगा, प्लांटची बस, प्लांटची दिवाळीची मिठाई. झाडाला मोरिवलीत झाडच म्हणतात. बाबा चौदा वर्षं प्लांटचं कँटीन सांभाळत होते, आणि चौदा वर्षांत साहेब एकदाही तिथे जेवले नव्हते. त्यांचा घरचा डबा केबिनमध्येच उघडायचा. त्यात नेमकं याच महिन्यात कँटीन बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं आणि शेजवळांना गुजरातच्या कारखान्यात पाठवायचं, असा कागद साहेबांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता. अशा वेळी शेजवळांच्या पोरीने भरसभेत विचारलं, साहेब, तुम्ही प्लांटचं जेवण जेवता का! बापानेच पढवून पाठवलं, असं कोणालाही वाटलं असतं. साहेबांना तर वाटलंच.

"बाबा, प्लांट म्हणजे झाडं हो," पायल रडकुंडीला आली. "झाडांपासून मिळणारं जेवण. धान्य, डाळी..."

आईने कपाळाला हात लावला. "म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाला तू झाडपाला खाता का विचारलंस?"

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच बोलले, "गुजरातला खोली बघावी लागेल."

मग पायलनेच शाळेतल्या शीला मॅडमना फोन लावला. मॅडमनी साहेबांना फोन करून मुलीला काय म्हणायचं होतं ते नीट समजावलं. साहेबांचा निरोप आला: छान. मग उद्या तेच करा. ज्वारीची भाकरी, कडधान्य, सगळ्या प्लांटला. बघू या.

'बघू या' वाचून बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि खाटेवर आडवेच झाले. उद्या बुधवार. प्लांटमध्ये बुधवार म्हणजे चिकन! अडीचशे माणसं सोमवारपासून ज्याची वाट बघतात ते चिकन. साहेब राहू दे, आधी कामगारच आपल्याला परातीत घालून मळतील, असं बाबा म्हणाले.

सकाळी आईने पायलला हाताला धरूनच कँटीनला नेलं. भाषण तू ठोकलंस, भाकऱ्याही तूच थाप, म्हणाली. शाळेला दांडी पडली, पण तक्रार करायची सोय नव्हती. कँटीनला चपात्यांचं मशीन होतं. आचारी धोंडिबाकाकांनी त्यात ज्वारीचं पीठ घातलं, तर दुसऱ्या टोकाने चुरा बाहेर पडला. मशीनला भाकरी कळत नाही, ती हातालाच कळते, म्हणत आईने गल्लीतल्या आठ बायकांना बोलावणं धाडलं. पायलच्या पहिल्या भाकरीला तीन कोपरे आले. दुसरी उचलताना हातातच फाटली. भाषणात तिने 'भाकरी करायला अगदी सोपी' असं दोनदा म्हटलं होतं, ते तिला प्रत्येक चटक्याला आठवत होतं. एवढ्यात नेहमीच्या ऑर्डरीचं चिकनही येऊन पडलं. कालच्या गोंधळात कोणी नको म्हणून कळवलंच नव्हतं!

साडेबाराला भोंगा झाला. अडीचशे माणसं बाकांवर बसली. मधल्या बाकावर साहेब. ताटात भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, कांदा.

कोणी हात लावेना.

युनियनचा कल्पेश शांतपणे म्हणाला, "शेजवळ, आज बुधवार ना?"

बाबा वाढपाची पळी धरून उभे होते. साहेब कल्पेशकडे बघत होते, मग बाबांकडे, जणू कागदावर सही कुठे करायची ते शोधत होते. समोर माइक नव्हता, आणि पहिल्यांदाच तिला तो नकोही होता. पिठाने माखलेल्या हातांनीच ती पुढे आली.

"चिकन माझ्यामुळे गेलं," ती म्हणाली. "मी साहेबांना विचारलं झाडांचं, त्यांना ऐकू आलं या प्लांटचं. बाबांनी मला काहीच शिकवलं नव्हतं. त्यांना तर प्लांट म्हणजे झाड हेसुद्धा माहीत नव्हतं."

मग मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू बाकाबाकांवरून पुढे सरकत आलं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी भाकरी मोडली, उसळीत बुडवली, खाल्ली. मग दुसरी मागितली. तिसरी मागताना म्हणाले, "शेजवळ, चौदा वर्षांत मला इथे कोणी बोलावलंच नाही."

बाबांनी त्यांच्या ताटात आणखी एक पळी उसळ वाढली. धोंडिबाकाका मात्र पुढच्या वर्षी रिटायर होणार होते, त्यांना कसली भीती!

"साहेब, दारावर 'फक्त कामगारांसाठी' ही पाटी तुम्हीच लावलीत."

आता साहेबही हसले. उठताना ते बाबांना म्हणाले, तो ठेकेदाराचा कागद मी सही न करताच परत पाठवतो. भाकरी दर सोमवारी करा, बुधवारला हात लावू नका. हे ऐकून कल्पेशने पहिला घास घेतला आणि अडीचशे हात ताटांवर पडले.

उरलं चिकन. ते गेटवर पिशव्यांतून सगळ्यांना वाटलं. एक पिशवी शेजवळांच्याही वाट्याला आली.

संध्याकाळी आईने रस्सा केला. बाबांनी कालपासून पहिल्यांदा पोटभर जेवायला मांडी घातली. पायलची बोटं भाजलेली, खांदे भरून आलेले, आणि घरभर तो वास. तिने घसा खाकरला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आठवड्यातले पाच दिवस मी फक्त भाकरी, उसळ आणि भाजी खाणार. आरोग्यासाठी आणि पृथ्वीसाठी. अगदी पक्कं."

आईने तिच्या पुढ्यातली रश्श्याची वाटी उचलायला हात घातला. पायलने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"उद्यापासून."