तीन मिनिटांची आत्या

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट दडलेली असते, हे सत्य आता सर्वमान्य झाले आहे. ती तीन मिनिटांत बसली पाहिजे, एवढीच काय ती दुरुस्ती अलीकडे झाली. आमची कन्या दर शनिवारी डिजिटल कथाकथनाच्या वर्गाला जाते, तिथे ही दुरुस्ती भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेली आहे. (तिच्याखाली 'जाताना पंखा बंद करावा' अशीही सूचना आहे. ती कोणी पाळत नाही.)

वर्ग चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर भरतो. चित्र, फोटो, आवाज आणि संगीत यांची मोट बांधून स्वतःची गोष्ट पडद्यावर कशी मांडावी, हे तिथे शिकवतात. शिकवणारे सर पूर्वी लग्नांचे शूटिंग करीत. त्यामुळे माणसे नेमकी केव्हा रडतात याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. वर्षअखेरीस प्रत्येकाने एक प्रकल्प सादर करायचा. गुणांची विभागणी अशी: चित्रकला वीस, आवाज वीस, संगीत वीस आणि हळवेपणा चाळीस. ही विभागणी अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. चित्र बिघडले तर हळवेपणाने झाकता येते, हळवेपणा कमी पडला तर चित्राने झाकता येत नाही.

आमचे घोडे इथेच अडले. कन्येने प्रथम 'माझी सायकल' हा विषय नेला. सरांनी पाठीवरून हात फिरवून विचारले, "चोरीला गेली का?" नाही म्हटल्यावर त्यांनी विषय परत केला. मग घरातल्या एकूण दुःखांची मोजदाद झाली. माझे अपेंडिक्स निघाले होते, पण त्याच्याविषयी कोणालाच आपुलकी नव्हती. सौभाग्यवतींचा एक दात पडला होता, पण त्याबद्दल पडद्यावर बोलायला त्यांची सक्त मनाई होती. बाकी सगळे धडधाकट. एरवी ज्याला लोक नशीब म्हणतात, ते ऐन परीक्षेत असे आडवे आले.

सरांनीच मार्ग काढला. "घरात कोणी मोठं माणूस आहे ना? मग ते गेलं असं समजा. कल्पनाशक्ती म्हणतात ती हीच."

आता आमच्या घरात मोठे माणूस एकच, माझी थोरली बहीण. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून जन्मभर तिने दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच, मधल्या खोलीत असते. प्रकृती ठणठणीत. सकाळी फिरून येते, दुपारी कोडे सोडवते, आणि जेवताना एक गोष्ट सुरू करते. एवढाच तिचा त्रास. गोष्ट नेहमी तीच: "मी एक्स्चेंजमध्ये होते ना, तेव्हा एकदा एका लहान मुलीचा फोन आला. म्हणाली, मला बाबांशी बोलायचंय. मी म्हटलं, नंबर सांग. तर म्हणाली, नंबर माहीत नाही..." याच्या पुढे गोष्ट गेल्याचे आमच्या घरात कोणाला आठवत नाही. कुकरची शिट्टी होते, कोणाचा तरी फोन वाजतो, नाहीतर मला मीठ लागते.

प्रस्ताव रीतसर ताईपुढे ठेवण्यात आला. मला वाटले, भडकेल. पण ती खुदकन हसली. "मरते की! त्यात काय? तुझ्या प्रकल्पासाठी एवढंही करणार नाही होय मी? फक्त माझी ती गोष्ट घाल हं त्यात. त्या मुलीची. निदान तेवढं तरी नीट ऐक." कन्येने "हो गं आत्या" म्हटले. अशा रीतीने ताईला सर्वानुमते दिवंगत घोषित करण्यात आले. विरोधी मत नव्हते.

मग काम धडाक्यात सुरू झाले. अशा प्रकल्पात काही चित्रे सक्तीची असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. पहिले, हातांचे कोळशाने काढलेले चित्र. ताईचे हात क्रीम लावून लावून गुळगुळीत, त्यांत हळवेपणा शून्य. सबब इमारतीच्या राखणदाराचे हात काढून घेतले. (त्याने नखे कापून येऊ का, असे विचारले. त्याला वेळीच थोपवले.) दुसरे, रिकामी खुर्ची. त्यासाठी ताईला खुर्चीवरून उठवणे भाग होते. उजेड मनासारखा येईपर्यंत ती बिचारी दुपारभर न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली. तिसरे, खिडकीत ठेवलेला चष्मा. तो तिचाच हवा होता. त्या दिवशी ती दोनदा दारावर आपटली. पण फोटो काय आला म्हणता! काचेवर संध्याकाळचा उजेड, मागे धूसर पडदा. मीच पाहताना गलबललो. तेवढ्यात मधल्या खोलीतून हाक आली, "अरे, झालं का? मला काही दिसत नाहीये!" आम्ही हळूच दार लोटून घेतले, कारण तेव्हा पडदा हलतानाचा आवाज रेकॉर्ड होत होता.

राहता राहिली ती गोष्ट. ताई केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून माइकपुढे बसली. (साडीची गरज नव्हती, आवाजच घ्यायचा होता. पण ऐकते कोण?) बोलली चांगली वीस मिनिटे. कन्या हेडफोन लावून होती, पण तिचे सगळे लक्ष पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे. रेषा लाल झाली की आवाज फाटतो, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून रेषा राखत होती. रेषा शेवटपर्यंत हिरवी राहिली. ताईने विचारले, "कशी वाटली?" कन्या म्हणाली, "एकदम क्लीन आली."

शनिवारी सरांनी हे रेकॉर्डिंग बाद केले. कारणे दोन. वीस मिनिटे तीन मिनिटांत मावत नाहीत, आणि गेलेले माणूस इतक्या खणखणीत आवाजात बोलत नाही. त्याऐवजी त्यांनी पियानो सुचवला. मोबाइलमध्ये जागा व्हावी म्हणून ते रेकॉर्डिंग काढून टाकले, आणि पियानोही छान बसला.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह तुडुंब भरले होते. एकूण सव्वीस प्रकल्प. पैकी एकोणीस दिवंगत आजीआजोबांवर. त्यांपैकी चौदा जण स्वतः हजर होते. प्रभावाला धक्का लागू नये म्हणून सरांनी सर्व दिवंगतांना शेवटच्या रांगेत बसवण्याची दक्षता घेतली होती. तिथे बिस्किटांची सोय होती. एक आजोबा फारच मोठ्याने हसत होते, त्यांना समज देण्यात आली.

मग आमची आत्या पडद्यावर आली. हात, खुर्ची, चष्मा, पियानो. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे हळूहळू उमटली: "आत्या, तुझी एक तरी गोष्ट पूर्ण ऐकायची राहूनच गेली गं."

हुंदका फुटला सगळ्यांना. सौभाग्यवतींनी माझाच रुमाल ओढून घेतला. मला तर भडभडून आले. केवढी समज ही, केवढ्याशा पोरीला!

आणि शेवटच्या रांगेत ताई उभी राहिली. डोळे पुसत, गडबडीने, जणू गाडी चुकेल.

"अगं, राहिली कुठे? मी आहे ना इथं! सांगते की आता. त्या मुलीला नंबर माहीत नव्हता, म्हणून मी..."

"श्श!" पुढच्या रांगेतल्या एक बाई रडता रडता मागे वळल्या. "अहो आजी, खाली बसा. लोक इथं रडताहेत, दिसत नाही का?"

ताई बसली. टाळ्या बराच वेळ चालू होत्या. हळवेपणात चाळीसपैकी चाळीस आणि पहिले बक्षीस. घरी येताना कन्येला सांत्वनाचे इतके निरोप आले की उत्तरे देता देता तिचा अंगठा दुखू लागला. ताई माझ्या शेजारीच बसली होती. तिने काही सुरू केले नाही. जेवतानाही केले नाही. मीठ मागायची वेळच आली नाही मला. तेव्हापासून जेवणे कशी शांततेत होतात. त्या मुलीचे पुढे काय झाले, बाबा सापडले की नाही, हे कृपया मला विचारू नये. मला माहीत नाही. पण प्रकल्प पाहायचा असेल तर जरूर कळवा, फक्त तीन मिनिटांचा आहे.

वाचकहो, तुमचाही जीव ताईसाठी हळहळला असणार. मघाशी, ती माइकपुढे बसली होती ना, तेव्हा तुमच्या घरातूनही कोणीतरी हाक मारली, "ऐकतोस का रे जरा", "ऐकतेस का गं", असे काहीसे. तुम्ही मान वर न करता "हं, आलोच" म्हणालात आणि वाचत राहिलात. अगदी योग्य केलेत. कोणाची गोष्ट अर्ध्यावर तोडू नये.