जगतापकाकांची बॅटरी

जगतापकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते हातात मल्टीमीटर घेऊन.

नोएडात नवं बिऱ्हाड लावलं की शेजारी निदान कामवाली कुठे मिळेल ते सांगायला येतात. काकांनी दारावरची पाटी वाचली, "मराठी का? बरं झालं," म्हणाले आणि टीव्हीचा रिमोट मागितला. त्यातले दोन्ही सेल काढून उभ्याउभ्याच तपासले. "एक पॉइंट एक. ह्यांचं काही खरं नाही, ताई. बदलून टाका." रिमोट परत माझ्या हातात दिला आणि समोरच्या फ्लॅटमध्ये निघून गेले. माझा नवरा म्हणाला, "हे कोण होतं?" मी म्हटलं, "बहुतेक बिजलीवाला."

बिजलीवाले नव्हते. सातारा जिल्ह्यातले. तीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटला होती, मग इथेच फ्लॅट घेतला. काकू आम्ही येण्याआधीच वारलेल्या. मुलगी पुण्यात असते. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. भिंती पातळ असल्यामुळे आम्हाला काकांची बाजू ऐकू येते. "हां. जेवलो. हां. बिल्कुल ओके. तू सांग." एवढंच. पाचव्या मिनिटाला फोन संपतो.

काका विमान उडवतात. खरंखुरं नव्हे, पण खेळण्यातलंही नव्हे. काकांच्या विमानाचा पंख अडीच मीटर लांब आहे आणि त्याला पेट्रोलचं इंजिन आहे. सुरू केलं की बुलेट मोटरसायकलला किक मारल्यासारखा आवाज होतो. घरी ते अर्थातच सुरू करत नाहीत. सोसायटीने तशी लेखी नोटीस लावली आहे. घरात त्याचा सांगाडा डायनिंग टेबलवर असतो आणि पंख डबलबेडच्या भिंतीकडच्या बाजूला चादर पांघरून निजलेला असतो. काका कडेच्या बाजूला झोपतात.

या विमानावरून त्यांनी जगण्याचा एक नियम काढला आहे. "एका बॅटरीवर दोघं जगत नाहीत."

तो त्यांनी मला आमच्या पहिल्याच दिवाळीत, चकली खाता खाता समजावून सांगितला होता. विमानात दोन जणांना वीज लागते. एक रेडिओ. आपण खालून जे हुकूम सोडतो, ते तो ऐकतो आणि विमान वळवतो. दुसरी इंजिनातली ठिणगी. ती पडली तर पेट्रोल पेटतं. "आता ठिणगी म्हणजे भांडखोर सून. सारखी कडकड. तिची वायर रेडिओजवळ आणली की त्याला आपलं काहीच ऐकू येत नाही. म्हणून तिचं बिऱ्हाड वेगळं. वेगळी बॅटरी, वेगळा स्विच, मध्ये वीतभर अंतर. आणि समजा तिची बॅटरी संपली, तर काय होईल?"

"विमान पडेल."

"नाही पडणार. इंजिन बंद होईल. पण रेडिओ जिवंत आहे ना? मग तरंगत तरंगत खाली आणता येतं. दोघं एकाच बॅटरीवर असले आणि ती मेली, तर मग विटेला पंख लावून फेकल्यासारखं."

हा नियम काका सगळीकडे लावत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी लिफ्टच्या घंटीला स्वतंत्र बॅटरी असावी असा ठराव मांडला. सगळे हसले. सेक्रेटरी म्हणाले, "सुभेदारसाहब, यह लिफ्ट है, फाइटर प्लेन नहीं." पुढे जूनमध्ये वीज गेली आणि सेक्रेटरी स्वतःच भाजीच्या पिशवीसकट चाळीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकले. घंटी मुकी. आठवड्याभरात बॅटरी बसली. ती कोणाच्या सांगण्यावरून बसली, हे नोटीसबोर्डवर लिहिलेलं नव्हतं. काका मात्र दर सोमवारी तिला मीटर लावून येतात.

गेल्या फेब्रुवारीत त्यांना दर रविवारी विमान उडवायला मैदानावर नेणाऱ्या मित्राची बदली झाली. अडीच मीटरचा पंख ओलाकॅबमध्ये काय, कुठल्याच कॅबमध्ये मावेना. दोन रविवार काका गेले नाहीत. तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं, "आमच्या गाडीची मागची सीट आडवी होते. चला, मी सोडते."

गाझियाबादच्या पुढे, शेतांच्या पलीकडे, परवानगी काढलेलं ते मैदान आहे. सात-आठ माणसं जमलेली. बहुतेक काकांच्या निम्म्या वयाची. त्यांत खुराना नावाचा एक आयटीवाला नवंकोरं विमान घेऊन आला होता. काकांच्या विमानापेक्षा मोठं. काका हात मागे बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि थांबले.

"बेटा, बैटरी एक ही है?"

"हां अंकल. एक से दोनों चलते हैं. वीडियो में सब ऐसे ही उड़ा रहे हैं."

"आज मत उड़ाओ."

खुराना हसला. बाकीचेही हसले. त्यांना हे पाठ असावं. काका गाडीकडे आले, आपली घडीची खुर्ची काढली, खुरानाच्या विमानापुढे दहा फुटांवर मांडली आणि विमानाच्या नाकावरच्या पंख्याकडे तोंड करून बसले. खुराना विनवत राहिला. मी गाडीला टेकून उभी होते आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. माझेच काका असल्यासारखं.

दहा मिनिटांनी खुरानाने हात जोडले. "तो क्या करूं अंकल? दूसरी लाया नहीं हूं."

काका उठले. आपल्या विमानाचं झाकण उघडलं आणि ठिणगीची बॅटरी स्विचसकट काढून घेतली. मीटर लावला, आकडा पाहिला, मान हलवली. ती खुरानाच्या इंजिनामागे फोममध्ये गुंडाळून पट्ट्याने आवळली आणि वायरी लांबून फिरवून दिल्या. म्हणजे काकांचं विमान त्या दिवशी जमिनीवरच राहणार होतं. दोन रविवारांनंतर.

विमान चढलं. सुंदर उडत होतं. खुरानाने दोन गोलांट्या घेतल्या. तिसरीला वर जात असतानाच इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मैदानावर एकदम शांत झालं.

"नाक नीचे," काका म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "जल्दी मत करो. सुन रहा है वो तुम्हारी. हवा के सामने लाओ."

विमान ऐकत होतं. लांब वळण घेऊन आलं, गवतावर दोन उड्या मारून तिरपं थांबलं. एक चाक वाकलं, बाकी सगळं जागच्या जागी. खुरानाच्या कपाळावर घाम होता. तो धावत जाऊन, स्विच बंद करून परत आला आणि काकांना म्हणाला, "एक ही होती तो आज गया था, अंकल."

काकांच्या आयुष्यात त्यांचा नियम इतक्या चारचौघांत कधी खरा ठरला नसेल. मला वाटलं, आता वर्षभर पुरेल एवढं भाषण होणार. पण काका बॅटरी सोडवून घेत होते. "बैटरी मेरी थी," ते खाली बघूनच म्हणाले. "ठीक से चेक नहीं की. गलती मेरी है." आणि गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर ते माझ्या शेजारच्या सीटवर होते. बॅटरी मांडीवर होती. हापूरचा रस्ता लागल्यावर मी म्हटलं, "मीटर तर लावला होता तुम्ही."

"नुसता मीटर बरोबरच दाखवतो, ताई. जुनी बॅटरी बसून असली की धडधाकट दिसते. तिला काम देऊन बघायचं असतं. लोड द्यायचा. तेव्हा कळतं, दम आहे का नाही."

"मग दिला का नाही?"

"माहीत होतं ना काय निघणार ते. दोन वर्षं झाली, देतच नाही लोड." थोड्या वेळाने म्हणाले, "कळलं असतं तर टाकून द्यावी लागली असती."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढे धरली. तिच्यावर पांढऱ्या टेपची पट्टी होती, कडेने पिवळी पडलेली. वर बॉलपेनने, शाळेतल्यासारख्या अक्षरात: आधी ही बंद करा. मगच पंख्याला हात लावा.

"मंडळींचं अक्षर. एकदा ठिणगी चालू राहिली आणि मी पंखा हाताने फिरवला. बारा टाके पडले. त्या रात्री पीठ मळून झाल्यावर ती बसली आणि हे लिहिलं." त्यांनी अंगठा पट्टीवरून फिरवला. "तिला विमान आवडायचं नाही. पण प्रत्येक रविवारी वाचून दाखवायला लावायची."

"पट्टी काढून नव्या बॅटरीवर लावू या," मी म्हटलं.

"निघत नाही. कोपऱ्यातनं सोडवून बघितली. फाटते."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले.

पुढच्या शनिवारी काकांनी आमची बेल वाजवली. हातात नवी बॅटरी, पांढरी टेप आणि बॉलपेन. "लोड दिलाय," ते आधी म्हणाले. मग, "माझं अक्षर हुकमासारखं येतं. तुम्ही लिहिता का?"

मी टेबलाशी बसून लिहिलं. एकेक अक्षर सावकाश. काकांनी चष्मा लावून वाचलं.

"'मगच'खाली दोन रेघा होत्या," ते म्हणाले.

मी दोन रेघा ओढल्या. बॉलपेनची शाई वाळायला वेळ लागत नाही. तरी काका बॅटरी दोन्ही हातांत आडवी धरून, ती कशाला लागू न देता, बराच वेळ आमच्याकडे बसून राहिले.