सुर्वेकाकांकडे ‘पण’ चालत नाही

सुर्वेकाका सोफ्यावरून उठले तरी आधी जाहीर करतात. “उठतोय. पाणी प्यायला.” आणि खरंच फक्त पाणी पितात. वाटेत उघडी खिडकी दिसली तरी लावणार नाहीत. परत येऊन बसतील, परत “उठतोय. खिडकी लावायला,” म्हणतील आणि मग उठतील.

ही खोड पत्त्यांची. काकांची उभी हयात बोटीवर गेली, पोकर तिथंच शिकले. आता करंजाड्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी आमचा डाव पडतो. काका, समोरच्या दारातला मी आणि पनवेलात हार्डवेअरचं दुकान चालवणारे सलीमभाई. पैशांच्या जागी चिंचोके. पण शिस्त म्हणाल तर विचारू नका! आधी तोंडानं बोलायचं, मग हात हलवायचा. ‘कॉल’ म्हणालात की समोरच्याइतकेच चिंचोके लावायचे. वाढवायचे असतील तर आधीच ‘रेज’ म्हणायचं. आणि मधल्या ढिगात फेकायचे नाहीत, आपल्यापुढे नीट मांडायचे.

एकदा सलीमभाई म्हणाले, “कॉल... पण थांबा, हे अजून पाच!”

काकांनी ते पाच चिंचोके बोटानं परत सरकवले. “‘पण’ चालणार नाही. पहिला शब्द खरा.”

“अहो काका, चिंचोके आहेत! माझी काय जायदाद लागलीय का?”

“चिंचोके असोत नाहीतर जायदाद. समोरचा तुमच्या शब्दावर बसलेला असतो.”

मी तर वैतागून एकदा डाव सोडून चालू लागलो होतो. “उठतोय म्हणाला नाहीस,” म्हणून मला परत बसवलं! आता काय बोलणार अशा माणसाला?

गेल्या रविवारी दार उघडता उघडताच म्हणाले, “निखिल येतोय. पुण्याहून. जेवायला.” निखिल म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. काकी गेल्यापासून फारसा फिरकलेला नाही. काकांनी पहाटे उठून सुरमई आणली होती, मसाला लावून ठेवली होती. वाटणाचा वास पार जिन्यापर्यंत आला होता.

डाव रंगात आला आणि फोन वाजला. हातात पत्ते, म्हणून काकांनी स्पीकर लावला.

“बाबा, निघालोच होतो, पण...”

मी आणि सलीमभाईंनी एकमेकांकडे पाहिलं. म्हटलं, आता निखिलचं काही खरं नाही.

“हो हो, चालेल रे,” काका म्हणाले. “पुढच्या वेळी ये.”

फोन ठेवला आणि एक शब्द न बोलता सगळे चिंचोके ढिगात लोटून दिले. कॉल नाही, रेज नाही. मला त्या पोराचा असा संताप आला! एक्स्प्रेसवे कळंबोलीला संपला की आलंच ना रे बापाचं घर!

मी पत्ते खाली ठेवले. “काका, मी जेवायला थांबतोय.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “पण?”

“पण नाही.”

“कॉल,” सलीमभाई म्हणाले.

काकांनी पत्ते खाली ठेवले. मग म्हणाले, “उठतोय. सुरमई तळायला.”

उठले, आणि आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ खिडकीशीच उभे राहिले.