निकम सरांचं उलटं झाड

निकम सरांनी वर्गात झाड दाखवायला घेतलं की पहिली दहा मिनिटं पडद्यावर फक्त एक गोल असतो. गोलात आकडा, पन्नास. सर हातात रिमोट धरून त्याच्याकडे इतक्या कौतुकाने बघतात, की बोहल्यावर उभा राहिलेला घरचा नवरदेवच आहे.

मग वर्गाला विचारतात, "आता तीस आला. कुठं जाईल?"

"डावीकडं!" पोरं ओरडतात.

"का?"

लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे, हे कुणीतरी सांगावं लागतं. या 'का'चं उत्तर आल्याशिवाय सर बटण दाबत नाहीत. मागे एकदा तर वीस मिनिटं दाबलं नव्हतं. उत्तर आलं की टिक! एक रेघ खाली उतरते आणि तिच्या टोकाला तीस उगवतो. तास संपेपर्यंत सात-आठ आकडे लागले, तर सर त्याला भरघोस पीक समजतात.

मी त्यांच्याच कॉलेजात गणित शिकवते. कराडच्या अलीकडे, हायवेला लागून, तिन्ही बाजूंनी ऊस. सर कॉम्प्युटरचे. कॉम्प्युटर माहिती कशी मांडून ठेवतो, हे या झाडांवरून शिकवतात. त्यात मूळ वर असतं आणि फांद्या खाली. आमचा शिपाई बापू वर्गात डोकावून येतो आणि मला रिपोर्ट देतो, "मॅडम, सरांचं झाड आजबी उलटंच उगावलंय."

बाकीचे लोक चित्रं माउसने काढतात. सर आज्ञा लिहितात. इथे गोल, त्याच्याखाली हा, हा रिमोटच्या तिसऱ्या टिचकीला दिसावा, तो चौथ्या. मग यंत्र सगळं पुस्तकाच्या छपाईसारखं रेखीव जुळवून देतं. या पद्धतीचं नाव लेटेक. मी एकदा म्हटलं, "सर, माउसने पाच मिनिटांत होईल की हो हे."

सरांना वाईट वाटलं. "आवं मॅडम, माउसनं काढलं की परतेक फांदी धरून बसवावी लागती. हितं मी फकस्त कोण कुणाचं लेकरू तेवढं सांगतो. बसायची जागा ज्यानं त्यानं शोधायची."

त्या आज्ञांमध्ये महिरपी कंस फार असतात. एक मिटायचा राहिला, तरी अख्खं झाड गायब. गेल्या वर्षी सरांचा एक कंस असाच हरवला. दोन दिवस डबा उघडला नाही. स्टाफरूममध्ये जो येईल तो विचारी, "सापडला का कंस?" प्राचार्यसुद्धा जिन्यात थांबून विचारून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सर हसत आले. "घावला! सत्तराव्या ओळीत हुता."

बापू चहाचे कप गोळा करत होता. "मग मारला का न्हाई त्याला?"

पण खरा गोंधळ झाला तो ऑफिसात. तपासणीसाठी समिती येणार होती, म्हणून क्लार्क कांबळे मॅडमनी सरांकडून एका झाडाची फाइल मागितली आणि छापायला दिली. प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. पहिल्या पानावर एक गोल. दुसऱ्या पानावर दोन. तिसऱ्यावर तीन. एकेक टिचकीचं एकेक पान, अशी त्रेसष्ट पानं निघाली. कांबळे मॅडमनी शेवटचं पान ठेवलं आणि बाकीची पाठकोरी म्हणून ड्रॉवरमध्ये टाकली. सरांना कळल्यावर ते धावत गेले.

"आवं, ह्ये शेवटचं पान म्हंजी उत्तर. उत्तर काय, कुणीबी देतंय. ती बासष्ट पानं म्हंजी शिकवणं हाय!"

बासष्ट पानं उचलून छातीशी धरून सर बाहेर पडले. आम्ही आठवडाभर हसत होतो.

हसता हसता एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. पुढच्या बाकावरचा एखादा हुशार मुलगा सगळं झाड भरभर सांगायला लागला, की सर त्याला थांबवत. "तुला येतंय ते ठावं हाय मला. शेजारच्याला अजून यायचंय. त्याच्यासाठी थांब की गड्या." मग तो शेजारचा अडखळत, चुकत बोलेपर्यंत पडदा तसाच राही.

या दिवाळीनंतर सर बदलले. चारला बॅग उचलून घरी जायला शिराळ्याची एसटी गाठू लागले. एक दिवस त्यांच्या लॅपटॉपवर माझी नजर गेली. झाडच होतं, पण आकड्यांच्या जागी मराठी. वर 'वाक्य', खाली 'कर्ता', शेजारी 'क्रियापद'.

"मॅडम," त्यांनी मान वर न करता विचारलं, "'ने' हा परत्यय कुठल्या फांदीला लावायचा वो?"

"मला काय विचारता? घरी मराठीच्या बाई आहेत ना? वहिनींना विचारा."

"तिलाच तर इच्यारायचं हाय," असं म्हणून सर उठले आणि गेले.

वहिनींना उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका आला होता, एवढं आम्हाला माहीत होतं. 'बरी हाय आता' एवढंच सर सांगायचे. त्या बऱ्या होत्याही. चालत होत्या, समजत होतं. फक्त बोलणं गेलं होतं, हे मला त्या दिवशी कांबळे मॅडमकडून कळलं. तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाई. मला माझ्या बोलण्याची इतकी लाज वाटली, की रविवारी मी शिराळ्याला गेले.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. मला ओळखून छान हसल्या. सरांनी चहा केला, तिघांना कप दिले आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी रोज सराव सांगितलाय," ते म्हणाले. "शब्द गेल्यात तिचं. पर शब्दांच्या जागा तिला ठाव्या हायत."

"आहेत म्हणायचं," अशी वहिनींची दुरुस्ती एके काळी तिथल्या तिथे आली असती. आता त्यांनी फक्त भुवई उचलली.

टीव्हीवर झाड आलं. वर 'वाक्य'. खाली तीन रिकामे चौकोन. पहिल्याच्या शेजारी कपाचं छोटं चित्र. सर रिमोट धरून थांबले. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण चांगली दोन मिनिटं गेली असतील. शब्द माझ्या जिभेवर आला होता. सरांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, थांबा म्हणून.

"च..." वहिनी म्हणाल्या. "चहा."

टिक. पहिल्या चौकोनात 'चहा' आला. पुढच्या टिचकीला शेवटच्या चौकोनात 'आहे' आपोआप उमटला. मधला रिकामाच. सरांना 'गोड' हवं होतं. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. मग कपाकडे बघितलं. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"नाही."

"'नाही' पुढच्या झाडात हाय. हितं काय येईल?"

"गोड..." वहिनींनी डाव्या हाताने कप पुढे केला. आवाज चढला, अगदी वर्गातला. "गोड... नाही!"

सर अजून पडद्याकडेच बघत होते. मी हळूच म्हटलं, "सर, साखर घालायची राहिलीय चहात." मी भिडेने तसाच अर्धा कप प्यायले होते.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. मला वाटलं, ते हसतील. पण त्यांचा रिमोटचा हात खाली आला. हे वाक्य त्यांनी लिहिलेलं नव्हतं. कुठल्याच टिचकीला ते येणार नव्हतं. सहा महिन्यांत वहिनी पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी बोलल्या होत्या, आणि तेही नवऱ्याची चूक काढायला.

"आणतो, आणतो साखर," म्हणत सर स्वयंपाकघरात गेले.

बराच वेळ डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज येत राहिले. मी मदतीला उठले आणि दारातच थांबले. साखरेचा डबा ओट्यावर त्यांच्यासमोरच होता. सर भिंतीकडे तोंड करून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते, आणि मोकळ्या हाताने उगाच एक झाकण वाजवत होते.

मी परत येऊन वहिनींजवळ बसले. त्यांनी आपला कप माझ्या कपाशेजारी ठेवला आणि आम्ही दोघी साखरेची वाट बघत बसलो.