गजाकाका आणि जिताड्याची दोरी

गजाकाकांना कुठेही दोरा दिसला की ते तो ओढून बघत. वाण्याच्या पुडीचा दोरा, पोरांच्या पतंगाचा मांजा, गुरांचं दावं, काही वर्ज्य नव्हतं. एकदा शेजारच्या मुंजीत बटूला आशीर्वाद द्यायला म्हणून वाकले आणि त्याचं नवंकोरं जानवं दोन बोटांत धरून असा हिसका दिला की भटजी मंत्र विसरले. "ओढल्याशिवाय कळत नाही," एवढं बोलून काका शांतपणे पंगतीत जाऊन बसले.

"तुम्हाला जानव्याचं काय वाटतंय मास्तर?" काकू मला म्हणाल्या होत्या. "लग्नाच्या दिवशी माझं मंगळसूत्र ओढून बघितलंय यांनी. गळ्यात घातल्याबरोबर."

"तुटलं का?" काकांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

पनवेलच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी मी टांग्यातून उतरतोय तोच हे गृहस्थ पुढे आले. मला वाटलं, सामानाला हात लावतायत. त्यांनी माझ्या वळकटीची दोरी ओढली. "काथ्याची आहे. कोणी दिली? फसवलंय तुम्हाला." ही आमची ओळख.

पोटासाठी ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. लाल औषध, पांढरं औषध, बाटलीवर कागदाच्या खुणा डकवायच्या, हे सगळं ते नीट करत, पण जीव त्यात नव्हता. जीव होता खाडीत, जिताड्यात. जखमा शिवायचा रेशमी दोरा डॉक्टरांना कुलपात ठेवावा लागे. दवाखान्यातला लोखंडी खल औषध कुटायला कमी आणि दोरीला टांगून तिचा दम बघायलाच जास्त वापरला जाई. औषधासाठी ताटकळलेले पेशंटही माना वर करून बघत, आता तुटते की मग तुटते.

जिताडा हा मासा आमच्या त्या भागात नुसता खायचा नसतो, द्यायचा असतो. सोयरीक जुळली, साहेब खूश करायचा आहे, रुसलेला जावई आणायचा आहे, पाठवा जिताडा. पण गरीला, म्हणजे गळाला, लागला तरी तो हाती येईल याची खात्री नाही. त्याच्या कल्ल्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या. एकदा डोकं झटकलं की दोरी कापली जाते, नाहीतर तो कालवं बसलेल्या दगडांना ती घासत नेतो. म्हणून दोरी कुठली, हा काकांच्या आयुष्यातला एकमेव प्रश्न होता.

"ताग फुगतो. पाण्यात गेला की त्याचा चोथा होतो. रेशीम नवरीला ठीक, खाऱ्या पाण्यात दोन पावसाळ्यांत कुजतं. खरं ते सूत. पीळ घट्ट हवा, आणि ऐनाच्या सालीच्या काढ्यात मुरवलेलं हवं." तो काढा काकूंच्या पातेल्यात होई. एकदा त्यातलाच थोडा चुकून खोकल्याच्या बाटलीत गेला. रोगी आठवड्याने परत आला आणि म्हणाला, तेच औषध द्या.

रेशमाचं नाव घेताना काका आवाज चढवत, कारण रेशीम हे दादांचं मत होतं. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. एकाच घराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात राहत, मधे एक कुडाची भिंत. दोघांचं बोलणं कितीतरी वर्षं बंद होतं. कारण काय, तर एक मासा. पूर्वी दोघे मिळून गरवायला, गरी टाकून मासे धरायला, जात. दोरी दादांची, रेशमाची. गरी बांधायचं काम काकांचं. काका डावखुरे, त्यामुळे त्यांची गाठही उलट्या फेऱ्यांची. त्या दिवशी मोठा जिताडा लागला, दादांनी हातभर ओढला, आणि गेला. दोरी मोकळी वर आली. दादा म्हणाले, टोक कुरळं आहे, म्हणजे गाठ सुटली. काका म्हणाले, टोक पिंजलंय, म्हणजे दोरी तुटली. भांडणात ती दोरीच खाडीत पडली, त्यामुळे पुरावा गेला आणि भांडण राहिलं. मासा मात्र दर वर्षी दोघांच्याही बोलण्यात वीतभर वाढत होता. त्या एका गोष्टीवर तेवढं एकमत होतं.

बायकांनी या भांडणाला कधी दाद दिली नाही. कुडाच्या भिंतीवरून कालवणाच्या वाट्या रोज इकडून तिकडे जात. भाऊ मात्र खारबांधावरच्या उघाडीपाशी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायच्या दाराशी, एकाच भरतीला जाऊन दोन बाजूंना बसत. मधे कामोठ्याचा हिराजी, बांधाचा राखणदार.

"हिराजी, त्यांना सांगा, पाणी फिरलं," काका म्हणत.

"तुमीच सांगा ना. त्यानला कान हायत," हिराजी म्हणे. "आमी बांध राखावा का तुमचं निरोप?"

माझा मेहुणा बोटीवर होता. त्याने एकदा नायलॉनच्या दोरीचं रीळ आणलं. मी हौसेने काकांना दिलं. त्यांनी ती ओढली, चावली, हुंगली, उन्हात धरली. खल टांगला. मग खलाबरोबर वरवंटा टांगला. ती तुटेना. मला वाटलं, आता नाचतील. त्यांनी रीळ गुंडाळून औषधांच्या कपाटात मागे ठेवून दिलं.

"नको. ही तुटत नाही."

"अहो, मग हवं काय आणखी?"

"गुळगुळीत आहे. गाठ घसरते हिच्यावर." एवढंच म्हणाले आणि बाटल्यांवर कागदाच्या खुणा डकवायला लागले. विक्षिप्त माणूस म्हणून मी सोडून दिलं.

पुढे दादांच्या मुलीचं, कुसुमचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी रविवारी बोलणी पक्की करायला यायची होती, आणि दादांनी निरोप धाडून ठेवला होता, जिताडा बाजारचा नसेल, माझ्या हातचा असेल. दादांना तेव्हा मोतीबिंदूने धड दिसत नव्हतं. हातही कापे. तरी आठवडाभर रोज हिराजीच्या खांद्यावर हात ठेवून उघाडीवर जाऊन बसत. मासा लागत नव्हता. वहिनींचा जीव टांगणीला लागला होता, कारण शब्द गेला की दादा मंडळींसमोर मान वर करणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी दादा ओटीवर झोपले होते. दोरी गुंडाळलेली त्यांची फिरकी खुंटीला लटकत होती. गजाकाका तिथून जाताना सवयीने थांबले आणि त्यांनी रेशमाचा पदर ओढला. तो हातात आला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. सगळी दोरी कुजली होती, आणि दादांना ते दिसत नव्हतं.

वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली तो पुरावा हातात होता. मला वाटलं, आता हा माणूस गावभर दवंडी पिटणार. काका माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, तुमचं ते रीळ."

"तुमचं सूत का नाही बांधत?"

"भिजलं की जड होतं. दादाच्या हाताला पेलायचं नाही आता." त्यांनी फिरकीवर नायलॉन गुंडाळलं, गरी ओवली, नेहमीपेक्षा दोन फेरे जास्त घेतले, थुंकी लावली आणि गाठ आवळली. मग उसवली. पुन्हा बांधली. असं कितीतरी वेळा चाललं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सूत तुटलं तर सुताला बोल लावता येतो. ही दोरी तुटणार नव्हती. आता मासा सुटला तर तो गाठीमुळेच सुटणार होता, आणि दादा तेव्हाही बरोबर होते असंच ठरणार होतं.

संध्याकाळच्या भरतीला आम्ही बांधावर होतो. काकांनी आपली गरी पाण्यात टाकलीच नव्हती. जिवंत कोळंबी लावलेली दादांची दोरी उघाडीच्या तोंडाशी होती. ऊन कलताना ती एकदम ताठ झाली.

"दादानू, सोरू नका!" हिराजी ओरडला.

मासा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं, दगडांकडे वळला. दादांच्या हातातून दोरी सरसर जात होती. मी मासा बघत होतो. काका मासा बघत नव्हते, त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. ते थेट उघडले हिराजी कमरेएवढ्या पाण्यात उतरून जिताड्याला जाळ्यात घेऊन वर आला तेव्हा.

"घावला! काय मोठा हाय!"

दादांनी मासा चाचपला नाही. त्यांनी दोरी बोटांनी धरली आणि हात पुढे सरकवत माशाच्या जबड्यापर्यंत नेला. गाठीवर अंगठा फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. उलटे फेरे त्यांच्या अंगठ्याला लागले असणार.

"गजा," दादा म्हणाले. हिराजीकडे नाही, पलीकडे काकांकडे तोंड करून. "तुझी गाठ टिकली रे."

इतकी वर्षं जे ऐकायला हा माणूस जगातली प्रत्येक दोरी ओढत होता, ते ऐकल्यावर तो काहीतरी मोठं बोलेल असं मला वाटलं.

"दोरी चांगली होती, दादा," काका म्हणाले.

परतताना बांध निसरडा होता. काकांनी एका हाताने दादांचा हात धरला होता. हिराजीने मासा सुतळीत ओवून त्यांच्या दुसऱ्या हातात दिला. सुतळी जुनी होती, जागोजाग विरलेली. काकांनी ती ओढून बघितली नाही.