खाडीत गेलेलं ‘नाही’

गुरुवारी दुपारी अक्षयाने ठाण्याच्या ऑफिसातून वडिलांना फोन लावला, तो एवढंच सांगायला, की शनिवारी गावी यायला जमणार नाही. हे एक वाक्य देवरूखजवळच्या त्या वाडीत नीट पोचलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

तिचे वडील लवूनाना एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. नोकरीची एकतीस वर्षं उभ्याने गेलेली, त्यामुळे फोनवर बोलताना त्यांना बसवत नसे. बोलत बोलत ओटीवरून खळ्यात, खळ्यातून फणसाखाली. घरात वाय-फाय अक्षयानेच बसवून दिलं होतं. बसवायला आलेल्या मुलाने सांगितलं, “आजोबा, तुम्ही बाहेर गेलात की फोन आपोआप वाय-फायवरून टॉवरवर जाणार. तुम्हाला कळणारपण नाही.”

“म्हणजे पाशिंजर न उतरता गाडी बदलायची?” नाना म्हणाले. “आमच्या डेपोत नाय जमलं हो हे कोणाला.”

फोनलाही जमलं नाही. वाय-फाय ओटीच्या पायरीपर्यंत, टॉवरची रेंज फणसापासून पुढे. मधली सात पावलं कोणाचीच नव्हती. नाना त्या पट्ट्याला खाडी म्हणायचे. खाडीत शिरताना ते फोनवर “टिंग” म्हणत, म्हणजे बोलणं थांबवायचं. पलीकडे पोचले की “टिंग-टिंग”, म्हणजे गाडी सोडायची.

“तू पण वाजव गो डबल बेल. मला कळायला नको, तू आहेस काय ती?”

“बाबा, ऑफिसात आहे मी. लोक हसतील.”

तर त्या गुरुवारी नानांनी “टिंग” केलं, पण अक्षयाला मीटिंगची घाई होती.

“बाबा, शनिवारी यायला जमणार नाही,” ती म्हणाली.

“टिंग-टिंग! जमणार? बेस! फणस ठेवलाय तुझ्यासाठी. गणपतीनंतर आत्ता येत्येस!” आणि फोन कट.

अर्ध्या तासाने तिने परत लावला. तेवढ्यात नानांनी बाबूची रिक्षा सांगितली होती, शेजारच्या मालनकाकीला आंबोळ्यांचे तांदूळ भिजवायला लावले होते आणि मासेवाल्या सावित्रीला सुरमईचा निरोप धाडला होता.

“बाबा, नीट ऐका. मी येत नाहीये. समर्थलाही जमत नाही.”

या खेपेला टिंग नव्हती. चपलांचा आवाजही नव्हता.

“हॅलो? समर्थलाही जमतंय? वा वा! मालन, जावई पण येतायत गो! गावठी कोंबडी बघ एक!”

“बाबा!”

“तुटतंय गो, तुटतंय.” फोन कट.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा अक्षया चिडलेली होती. मागून बऱ्याच माणसांचा गलका ऐकू येत होता. लवूनानांची मुलगी कॉम्प्युटरात आहे आणि शनिवारी येतेय, असं कळल्यावर वाडीतल्या सहा जणांनी आपापले बिघडलेले मोबाईल आणून ओटीवर मांडले होते.

“किती दिवस ऱ्हाणार ते सांग,” नाना म्हणाले.

“चार दिवस सोडा बाबा, एक दिवससुद्धा रजा नाही!”

“चार दिवस? उत्तम!”

अक्षयाने कपाळाला हात लावला आणि मग तिला हसूच फुटलं. उद्या सकाळी शांतपणे सांगू, असं ठरवून ती मीटिंगला गेली.

शुक्रवारी सकाळी जमलं नाही. संध्याकाळी मालनकाकीचा फोन आला. नाना दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. काकी नानांच्याच घरातून बोलत होती, वाय-फायवरून. एक अक्षरही तुटलं नाही.

शनिवारी सकाळी अक्षया आली. समर्थही आला. देवरूखच्या स्टँडवर बाबू रिक्षा घेऊन उभा होता.

“तुला कोणी कळवलं?”

“नानांचं बुकिंग होतं ना, ताई,” बाबू म्हणाला आणि त्याने बॅग उचलली.

सावित्री सुरमई घेऊन फाटकापर्यंत आली आणि माणसं बघून तशीच मागे फिरली. ओटीवर सहा मोबाईल एका ओळीत होते. त्यातल्या एकाचा गजर भलत्याच वेळी वाजला आणि मोबाईल कोणाचा ते कोणीच कबूल करेना. जो तो मात्र तेच म्हणत होता, “नाना बोलले होते, शनिवारी अक्षया येणार. आली बघा. समाधानात गेले.” अक्षया दर वेळी मान खाली घालायची.

चौथ्या दिवशी समर्थ बॅगा भरत होता. जावयासाठी आणलेली आणि सुतकामुळे बचावलेली कोंबडी ओटीवर फिरत होती. अक्षया मालनकाकीजवळ जाऊन बसली.

“काकी, मी येणार नव्हते. तीनदा सांगितलं त्यांना. ते ‘नाही’ खाडीत गेलं.”

काकीने तिच्याकडे पाहिलं. “पहिलं गेलं असेल. दुसऱ्या खेपेला भावजी हितंच बसलेले, पाय लांब करून. मी पुढ्यात तांदूळ धूत होत्ये. तुझं ‘नाही’ मला पण ऐकू आलं.”

“बसलेले? फोनवर?”

“मी म्हटलं, भावजी, ती नाय म्हणत्ये. तर म्हणाले, ‘खाडीत गेलं ते, मालन. मला नाय गावलं.’ आणि हसले. मला म्हणाले, ‘एवढी तयारी झाली म्हणून तिला कळलं, की येईल ती. बापाचा पचका नाय करायची.’”

तेवढ्यात अक्षयाचा फोन वाजला. ऑफिसातून साहेब विचारत होते, कधी रुजू होणार. तीही उठली, बोलत बोलत पायरी उतरली. दुसऱ्या पावलाला साहेबांचा आवाज चिरकला, तिसऱ्याला बंद झाला.

ती तिथेच थांबली. पुढे फणस, मागे ओटी. त्या पट्ट्यात तिचा आवाज कुठेच पोचणार नव्हता. तरीही तिने फोन कानाशी धरला आणि सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“टिंग-टिंग.”